वीस हजारांचा कामगार कंपनीला कितीला पडतो?

भोसरी, तळवडे किंवा चाकण एमआयडीसीत पंचवीस-तीस माणसांचं वर्कशॉप चालवणाऱ्या मालकाला पत्र्याचा किलोचा भाव तोंडपाठ असतो. मशीनचा तासाचा दरही. माणसाचा हिशोब मात्र पगाराच्या आकड्यावर थांबतो आणि कोटेशनमध्ये तोच आकडा जातो. पुढे पीएफ भरायला पैसे उरत नाहीत, ओव्हरटाइम सिंगल दराने दिला जातो, बोनस लांबतो. भांडणं इथूनच सुरू होतात. म्हणून भरतीआधी कागद-पेन घ्यावं.

महिना २०,००० रुपयांचा ऑपरेटर धरू. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता १५,००० आणि इतर भत्ते ५,०००. वीस किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ लागतो. मालकाचा हिस्सा १२ टक्के, त्यावर विमा आणि प्रशासन शुल्क मिळून १ टक्का, म्हणजे १५,००० वर १,९५० रुपये. ईएसआय ३.२५ टक्के. पूर्ण २०,००० वर धरला तर ६५०. किमान बोनस ८.३३ टक्के. त्याचा हिशोब ७,००० किंवा त्या कामाचं किमान वेतन, यांतल्या मोठ्या रकमेवर होतो. किमान वेतन १५,००० च्या आसपास धरलं तर महिन्याला १,२५० बाजूला काढावे लागतात. ग्रॅच्युइटी वर्षाला १५ दिवसांची, म्हणजे महिना ७२१. कामगार कल्याण निधीचे मालकाकडून सहामाही ७५ रुपये. बेरीज जवळपास २४,६०० होते. किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो, तेव्हा हा हिशोब वर्षातून दोनदा नव्याने मांडावा. रजेवरच्या माणसाच्या जागी कोणाला उभं केलं, तर तो खर्च यात नाही.

त्याच कामगाराच्या हातात पडतात १७,८५०. पीएफचे १,८००, ईएसआयचे १५० आणि व्यवसायकराचे २०० कापले जातात. (व्यवसायकर फेब्रुवारीत ३००. २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे.) मालक म्हणतो, मी साडेचोवीस हजार मोजतो. कामगार म्हणतो, मला अठरासुद्धा मिळत नाहीत. दोघंही खरं बोलत असतात. मुलाखतीच्या दिवशीच हे तिन्ही आकडे एका कागदावर लिहून त्याला समजावले, तर महिनाअखेरची निम्मी कुरबुर होणारच नाही.

मूळ पगार मुद्दाम लहान आणि भत्ते फुगवलेले, ही जुनी युक्ती आता चालत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच मोजला जातो. नियुक्तिपत्र प्रत्येकाला द्यावं लागतं. मुदतीच्या करारावरचा कामगार एक वर्षातच ग्रॅच्युइटीला पात्र होतो. म्हणून अकरा महिन्यांचे करार लिहिणाऱ्यांनी तोंडी सल्ल्यावर न राहता ते पुन्हा वाचून घ्यावेत.

ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा. आपल्या ऑपरेटरचा साधा तास सुमारे ९६ रुपयांचा, ओटीचा १९२ चा. डिस्पॅचच्या आठवड्यात रोज चार तास ओटी लावण्यापेक्षा आणखी एक माणूस घेणं स्वस्त पडतं का, हे एकदा मांडून पाहावं. दमलेल्या माणसाला पॉवर प्रेसवर उभं करण्याची किंमत तर कुठल्याच वहीत मांडता येत नाही. इथे ईएसआयचे ते ६५० रुपये फार मोलाचे ठरतात. बोट गेलं तर चिंचवडच्या मोहननगरातल्या ईएसआय रुग्णालयात उपचार होतात आणि घरी बसलेल्या काळात वेतनाच्या ९० टक्के भत्ता मिळतो. नोंदणीच केलेली नसेल, तर नुकसानभरपाईचा भार मालकावर येतो.

पीएफ आणि ईएसआयची तारीख १५. तीस कामगारांचं पीएफचं चलन एक लाख साडेबारा हजारांचं होतं. महिनाभर उशीर झाला तर १२ टक्के वार्षिक व्याज आणि महिना १ टक्का दंड मिळून सव्वादोन हजार जातात. आकडा छोटा वाटेल, पण कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा न भरणं हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. तो पैसा मालकाचा नसतोच.

आता ठेकेदार. त्याचं कोटेशन पाहताना एकच कसोटी लावा. सेवाशुल्क आणि १८ टक्के जीएसटी बाजूला काढल्यावर माणशी रक्कम तुमच्या स्वतःच्या हिशोबापेक्षा कमी असेल, तर फरक कामगाराच्या पीएफमधून, बोनसमधून किंवा हजेरीतून निघतोय. पगार, पीएफ, ईएसआय मिळूनच २२,६०० होतात. त्याखालचा भाव म्हणजे चोरी. ठेकेदार पळाला तर थकलेला पगार आणि पीएफ मूळ कंपनीकडूनच वसूल होतो. म्हणून बिलासोबत दरमहा चलन, नावनिहाय पीएफ यादी आणि बँकेतून पगार गेल्याचा पुरावा मागावा. तो मिळेपर्यंत बिल थांबवावं. ‘ट्रेनी’ अशी नुसती पाटी लावून पीएफ टळत नाही. खरी शिकाऊ भरती करायची तर शिकाऊ उमेदवारी योजनेत रीतसर करार नोंदवा. स्टायपेंडच्या २५ टक्के, महिना १,५०० पर्यंत, केंद्र सरकार देतं.

कमी करण्याचा खर्चही आधीच धरावा. सहा वर्षं काम केलेल्या याच ऑपरेटरला काढताना महिन्याची नोटीस किंवा तिचा २०,००० पगार, दर वर्षाला १५ दिवसांप्रमाणे सुमारे ६०,००० भरपाई आणि ५१,९२३ ग्रॅच्युइटी द्यावी लागते. एक लाख तीस हजारांच्या पुढे गेलं. उरलेल्या रजेचे पैसे आणि पुनर्कौशल्य निधीचा १५ दिवसांचा पगार वेगळाच. हे टाळून गेटवरच ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हटलं, तर कामगार न्यायालयात मागच्या पगारासह परत घेण्याचा आदेश होऊ शकतो. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला, पण कामगारांच्या भरपाईचा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. एवढ्या मोठ्या कंपनीला जे जड गेलं, ते पंचवीस माणसांच्या शेडला पेलणार नाही.

आणि नोकरी सोडली असो वा काढलेलं असो, फुल अँड फायनलमधलं वेतन आता दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. त्यासाठी हजेरी आणि रजेची नोंद रोजच्या रोज लागते. ती ठेवणाऱ्या माणसाचा पगारही याच हिशोबात धरा.