गीता १८.६३ : सांगून झालं, आता तू ठरव

आजचा श्लोक अठराव्या अध्यायातला ६३वा. गीता संपत आली आहे. कर्म, ज्ञान, ध्यान, भक्ती, विश्वरूपदर्शन, सगळं झालंय. आणि इथे भगवंत अर्जुनाला सांगतात, की अत्यंत गूढ असं ज्ञान मी तुझ्यापुढे ठेवलं. आता त्याचा पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल तसं कर.

दोन्ही सैन्यं समोर उभी आहेत, सांगणारे साक्षात भगवंत आहेत, तरी निर्णय अर्जुनाचा. हा श्लोक वाचला की हल्ली मला माझा भाचा आठवतो.

तो पंधरा वर्षांचा आहे, यंदा दहावीत. लहानपणी आजीच्या मांडीवर बसून शुभंकरोती म्हणायचा. आता दिवेलागणीला खोलीचं दार लावून घेतो. ताई वैतागली आहे. "तू तरी सांग त्याला, तुझं ऐकतो," म्हणाली. मी गेलो, तर त्यानेच मला विचारलं, "मामा, मी नाही बसलो तर काय होईल?"

"काहीच होणार नाही," मी म्हटलं. ताईला ते आवडलं नाही. पण दुसरं काही सांगणं मला जमलं नसतं.

त्याच्या वयाचा असताना आमच्या घरी नियम होता: रामरक्षा झाल्याशिवाय जेवण नाही. म्हटली नाही तर देव शिक्षा करतो, हेही वर. रामरक्षा पाठ झाली, पण हॉस्टेलला गेलो त्या दिवसापासून बंद केली. शिक्षा काही झाली नाही. मग मी सरळ निष्कर्ष काढला, की सगळंच खोटं असणार. पुढची नऊ वर्षं देवाचं नाव निघालं की मला बाबांचा चढलेला आवाज आठवायचा.

नंतर बाबांचं ऑपरेशन होतं. त्या सकाळी ते पडल्या पडल्या रामरक्षा पुटपुटत होते आणि मध्येच अडखळले. पुढची ओळ माझ्या तोंडून आली. त्या दिवशी ती मी पहिल्यांदा स्वतःहून म्हटली.

मग बाबांची जबरदस्ती बरोबर होती का? मी यावर खूप विचार केलाय. शब्द त्यांच्यामुळे माझ्याजवळ होते, हे खरं, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पण मधली नऊ वर्षं त्या भीतीमुळे गेली, हेही तितकंच खरं.

म्हणून आजचा श्लोक नीट पाहू या. "वाटेल तसं कर" हे भगवंत पहिल्या अध्यायात म्हणत नाहीत. आधी सगळं सांगतात, अर्जुनाच्या शंका ऐकतात. अर्जुन तिसऱ्या अध्यायात तक्रार करतो, की तुमच्या बोलण्याने माझा गोंधळ होतोय. चौथ्यात विचारतो, की सूर्य तुमच्या कितीतरी आधीचा, मग तुम्ही त्याला योग कसा सांगितलात? सहाव्यात म्हणतो, मन आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं कठीण आहे. एकदाही त्याला "उलट बोलू नकोस" असं उत्तर मिळत नाही. आणि थोडं पुढे, ६७व्या श्लोकात, ज्याला ऐकायची इच्छा नाही त्याला हे सांगू नये, असंही भगवंत बजावतात.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्याने लगेच विचारलं, "आणि अर्जुन नाही म्हणाला असता तर?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. आम्ही पुस्तक काढलं. पुढच्याच, ६४व्या श्लोकात भगवंत म्हणतात, तू मला अतिशय प्रिय आहेस म्हणून तुझ्या हिताचं पुन्हा सांगतो. अर्जुनाचा होकार येतो थेट ७३व्या श्लोकात. म्हणजे "तू मला प्रिय आहेस" हे उत्तर यायच्या आधीच सांगून झालंय! ते त्याच्या होकारावर अवलंबून नव्हतंच.

तुमच्यापैकी कुणाचा लहान भाऊ, कुणाची भाची या वयात असेल. त्यांना साधनेकडे आणायचं असेल तर मला तीन गोष्टी सुचतात. आपली उपासना आपण रोज करावी, त्यांना दिसेल अशी, पण दाखवण्यासाठी नाही. प्रश्न विचारला तर खरं उत्तर द्यावं, येत नसेल तर एकत्र शोधावं. आणि सुरुवात छोटी सुचवावी. मनाचे श्लोक २०५ आहेत, रोज एक म्हटला तर मिनिटभरही लागत नाही. शिवाय समर्थ त्यात मनालाच समजावतात. उपदेशाचा कंटाळा आलेल्या मुलांना ते जवळचं वाटू शकतं.

भाचा अजून दिवेलागणीला बसत नाही. ताईला मी एवढंच म्हटलंय, की त्याला हाक मार, पण तो आला नाही म्हणून ताटावर राग काढू नकोस. गीतेचं पुस्तक मात्र त्याने त्याच्या टेबलावर ठेवून घेतलंय. वाचतो का, ते मी विचारलेलं नाही.

आजचं चिंतन: माझ्या घरातल्या लहानांना मी देवाबद्दल शेवटचं काय बोललो? त्यात भीती किती होती, माया किती होती?

राम कृष्ण हरी!