पाळी गेल्यावर हाडे का झिजतात?

या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा आणि खतांच्या मात्रेविषयी लिहितो. या वेळचा विषय घरातला आहे. गटात फिरताना "आई घसरली नि मनगट मोडले" हे वस्त्यांवर ऐकू येतेच. नुसते "वय झाले" म्हणून ते सोडून देऊ नये.

हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. जुने हाड पोखरणाऱ्या पेशी वेगळ्या, नवे भरणाऱ्या वेगळ्या. दोन्हींचे काम जन्मभर चालते. स्त्रीच्या अंडाशयात तयार होणारे इस्ट्रोजेन हे हार्मोन पोखरणाऱ्या पेशींना आवर घालते. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटते, नि आवर सुटतो. भरणाऱ्या पेशी मग पुऱ्या पडत नाहीत.

त्यात आणखी एक भानगड आहे. रोगापासून शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशींत टी-पेशी म्हणून एक जात आहे. इस्ट्रोजेन घटले की त्या चेततात, टीएनएफ नावाचे द्रव्य सोडतात, नि पोखरणाऱ्या पेशींची पैदास वाढते. राखणदारानेच जनावरे उसात सोडावीत तसा प्रकार! २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात टी-पेशी नसलेल्या उंदरांची अंडाशये काढली, तरी हाडे झिजली नाहीत. पुढे सगळ्याच प्रयोगांत तसे उतरले नाही, त्यामुळे टी-पेशींचा वाटा नेमका किती यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

कारखान्याशी याचा संबंध येतो तो तोडणीमुळे. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीने ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. ८२ हजारांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही गेली, तर इस्ट्रोजेन एकदम तुटते, नि तिशीतल्या बाईची हाडे झिजू लागतात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारीचे पाऊल चुकले तर काय होईल, हे आपणांस सांगायला नको. अंडाशये ठेवली, तरी ती बहुधा थोडी लवकरच थकतात.

तेव्हां "पिशवी काढा" असे कोणी सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे, अंडाशये राहणार का ते विचारावे, नि ऑपरेशनचा कागद जपून ठेवावा. ती आधीच गेली असतील, तर हार्मोनची औषधे घ्यावीत का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावे. दूध, नाचणी, तीळ, अंगावर ऊन हे घरचे उपाय झाले; मिशरी मात्र सोडावी. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी कुठे होते, याची जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी करावी. टोळ्या उतरल्या की हे पान मुकादमाकडे द्यावे, कोपीवरच्या बायांना वाचून दाखवायला.