भयानक रस आणि घरचा प्रेक्षक

तुलसी आणि श्याम रॅम्से यांचा ‘पुराना मंदिर’ हा भयपट १९८४ साली केवळ प्रौढांसाठी म्हणून प्रदर्शित झाला. व्हिडिओ कॅसेटने तो घरात आणला आणि मुलांना दारात अडविणारा कोणी उरला नाही. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाशेजारच्या मुनिरक्यात, एखाद्या दोन खोल्यांच्या सदनिकेत, मराठी कुटुंबातील आजी, आईवडील आणि सहा-सात वर्षांचा मुलगा हा चित्रपट एकाच सतरंजीवर बसून पाहत आहेत, असे समजू. या चौघांना एकच रस प्रतीत होतो काय?

भरताने भयानकाची उत्पत्ती बीभत्सापासून सांगितली आहे. सामरी या राक्षसाचे धडावेगळे करून पेटीत ठेवलेले मस्तक हा बीभत्साचाच विभाव होय. परंतु विकृत वेष हा भरताच्या मते हास्याचाही विभाव आहे, याकडे सहसा दुर्लक्ष होते. चाळीस वर्षांनंतर वडिलांना सामरीच्या चेहऱ्यावरील रंगभूषेचा थर तेवढा दिसतो आणि ते हसतात. (जगदीप यांचे विनोदी प्रसंग मात्र त्यांना हसवीत नाहीत!)

मुलाची गोष्ट वेगळी. भयानकाच्या विवेचनात अभिनवगुप्ताने ‘शाकुंतला’तील, दुष्यंताच्या रथापुढे धावणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. ते भय हरिणाचेही राहत नाही आणि प्रेक्षकाचेही होत नाही. म्हणूनच ते आस्वाद्य ठरते. नाट्यमंडप, गीतवाद्ये, नटाचा वेष ही सामग्री प्रेक्षकाला स्वतःचा विसर पाडण्यास साह्य करते. घरात यांपैकी मंडप नाही. दिवा चालू असतो, मधेच कुकरची शिटी होते. मोठ्यांना सवयीने हे अंतर राखता येते. मूल मात्र पडद्यावरील पेटीवरून थेट पलंगाखालच्या ट्रंकेकडे पाहते. त्याचे भय लौकिकच राहते, आणि वडिलांच्या हसण्याने ते निवळत नाही. उलट भिणारे आपण एकटेच, असे त्याला वाटू लागते. भयपट क्षुद्र मानून रसचर्चेने त्याच्याकडे पाठ फिरविली, तर हा भेद नजरेतून निसटतो.

आजी हसत नाही. शाप, त्रिशूळ, ओसाड देऊळ ही सामग्री तिला कथाकीर्तनांतून परिचयाची आहे. ‘डोळे मीट रे,’ म्हणत ती नातवाला पदराखाली घेते. तो डोळे मिटत नाही; पदराच्या विरळ विणीतून पाहत राहतो. तेथून सामरी त्याला प्रथमच दूरचा दिसतो, आणि पुढे काय झाले हे तो आपण होऊन विचारतो.