पाळीव प्राण्याला नवे घर देताना

गिरनार येथील सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची चिकित्सा व पशूंची चिकित्सा अशा दोन व्यवस्थांचा उल्लेख आहे. औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्या, वाटेवर विहिरी खोदल्या, झाडे लावली, आणि हे सारे माणसे व जनावरे या दोहोंच्या उपयोगासाठी केले, असे तो लेख सांगतो. त्यात करुणेची स्तुती शोधू गेल्यास ती फारशी सापडत नाही. सापडतात ती केलेली कामे. ज्याला आता घर उरलेले नाही अशा पाळीव प्राण्याचा प्रश्नही याच दृष्टीने पाहावा, असे मला वाटते. कळवळा आपल्या समाजात पुष्कळ आहे. उणीव आहे ती व्यवस्थेची.

निवासी शाळेत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. भोजनगृहामागे उरलेल्या भाकरीवर एखादे पिल्लू वाढते, मुले त्याला नाव देतात, आणि दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की आवार ओस पडून त्याचे अन्नच बंद होते. आता यात कायद्याचीही बाजू आली आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडले जाते. परंतु ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील भटके कुत्रे निवारागृहात हलवावेत व पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असा आदेश दिला. मुलांच्या सुरक्षिततेचा विचार त्यामागे आहे आणि रेबीजसारख्या, लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरणाऱ्या रोगापुढे तो विचार क्षुल्लक म्हणता येणार नाही. मात्र ज्या कुत्र्याला मुलांनी माणसाळवले, त्याच्यापुढे निवारागृहाखेरीज दुसरा एकच मार्ग उरतो: कोणाचे तरी घर. माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर हा विषय मांडण्याचे कारण हेच.

घर देऊ इच्छिणाऱ्याने प्रथम स्वतःला प्रश्न विचारावेत. कुत्र्याचे आयुष्य साधारण दहा ते पंधरा वर्षांचे असते. आज सातवीत असलेला मुलगा नोकरीला लागेपर्यंत ते प्राणी घरात असणार. दिवसभर घरी कोण असते? घर भाड्याचे असल्यास मालकाची संमती आहे काय? लसीचा, आजारपणाचा खर्च दरवर्षी झेपेल काय? मुलाने हट्ट धरला म्हणून आणलेला कुत्रा चार महिन्यांत आईच्या गळ्यात पडतो, हे आपण आजूबाजूला पाहतोच; म्हणून ज्या व्यक्तीवर प्रत्यक्ष काम येणार तिचा होकार सर्वांत महत्त्वाचा. गोंडस पिल्लालाच मागणी असते, परंतु प्रथमच प्राणी पाळणाऱ्या कुटुंबाने प्रौढ कुत्र्याचा विचार अवश्य करावा. त्याचा आकार, स्वभाव, मुलांशी असलेली वागणूक आधीच कळलेली असते. पिल्लूच घ्यायचे असेल तर ते आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी आईपासून तोडू नये. जंतनाशक औषध, पार्व्हो व डिस्टेंपरच्या लसी, तीन महिन्यांनंतर रेबीजची लस आणि योग्य वयात निर्बीजीकरण यांचे वेळापत्रक पशुवैद्याकडून लिहून घ्यावे.

आता देणाऱ्याविषयी. बदली, परदेशातील नोकरी, घरातील दीर्घ आजारपण, मालकाचा मृत्यू ही कारणे खरी असतात आणि त्यासाठी कोणाला दोष देऊ नये. ‘सोसायटी ठेवू देत नाही’ हे कारण मात्र तपासून पाहावे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. एकाएकी चावू लागलेला किंवा घरात घाण करू लागलेला प्राणी पुष्कळदा आजारी असतो. त्याला नव्या घराआधी दवाखान्याची गरज असते.

मार्ग खरोखरच खुंटला तरी प्राण्याला महामार्गावर, बाजारात किंवा विहाराच्या दारात सोडून येणे हा उपाय नव्हे. उपासमार वा तहान ओढवेल अशा स्थितीत सबळ कारणाविना प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावरचे अन्न शोधता येत नाही, वाहने चुकवता येत नाहीत, आणि त्या गल्लीतील कुत्रे त्याला टिकू देत नाहीत. ‘कोणीतरी नेईल’ या वाक्यातला ‘कोणीतरी’ सहसा येत नाही.

म्हणून नवे घर आपणच शोधावे. घेणाऱ्याच्या घरी एकदा जाऊन यावे. केवळ पिल्लांच्या विक्रीसाठी जातिवंत मादी फुकट मिळवणारे लोक असतात, त्यामुळे शक्य असल्यास निर्बीजीकरण करूनच प्राणी द्यावा. त्याचे दोष लपवू नयेत: तो फटाक्यांना भितो, ताटाजवळ हात नेल्यास गुरगुरतो, पूर्वी एकदा चावला आहे, हे सारे सांगावे. ते ऐकून घेणारा मागे सरला तर त्यातच दोघांचे हित आहे. लसीकरणाचे कार्ड, नेहमीचे खाणे आणि त्याच्या अंगाचा वास असलेली जुनी चादर सोबत द्यावी.

नव्या घरातील पहिले दिवस अवघड असतात. प्राणी कोपऱ्यात बसून राहतो, खात नाही, दारातून पळू पाहतो. पट्ट्याशिवाय त्याला बाहेर नेऊ नये, पाहुण्यांची गर्दी करू नये, मुलांनी त्याला मिठ्या मारू नयेत. मांजर कुत्र्याहूनही जागेला अधिक बांधलेले असते. त्याला काही दिवस एकाच खोलीत ठेवून हळूहळू घर दाखवावे. नव्या घरी रुळायला कित्येकदा दोन-तीन महिने लागतात. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच रुग्णालय गाठावे, हे घरातील लहानग्यांनाही ठाऊक असावे.

येथे एक अपवाद नोंदवावा लागतो. पिंजऱ्यातील आपला देशी हिरवा पोपट किंवा चांदणीच्या नक्षीचे कासव दत्तक घेताही येत नाही आणि देताही येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते पाळणेच बेकायदेशीर आहे. असा जीव कोणाच्या घरी असेल तर तो वन विभागाच्या स्वाधीन करावा. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला स्वतः उडवून देऊ नये, तो अन्न शोधू शकत नाही.

प्राणी सोपवताना एका कागदावर उभयतांनी सह्या कराव्यात आणि त्यात एक कलम असावे: जमले नाही तर प्राणी परस्पर तिसऱ्याला न देता आधी पहिल्या मालकाला कळवावे. एकट्या राहणाऱ्या वयोवृद्धांनी तर आपल्या पश्चात कुत्रा किंवा मांजर कोणाकडे जाईल हे आजच ठरवून, त्या व्यक्तीला विचारून, घरच्या इतर कागदांसोबत लिहून ठेवावे.