अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि त्याचा श्वास



ऊस पक्व होण्याआधी तोडला तर उतारा बसत नाही, हे आम्ही शेतकी खात्याची माणसे दर हंगामात सांगतो. आज तीच गोष्ट बाळाबाबत सांगायची आहे. आपल्या फडात गरोदर बायका डोक्यावर मोळ्या वाहतात. कुणाच्या लेकी-सुना भिवंडीजवळ कशेळीच्या बाजूला गोदामांत राबतात. सगळ्यांनीच हे वाचावे.

बाळ पोटात असते तेव्हा त्याची फुफ्फुसे पाण्याने भरलेली असतात. जन्मल्याबरोबर त्यांतले बारीक फुगे हवेने उघडावे लागतात. ओली प्लास्टिकची पिशवी आतून चिकटते ना, तसे ते चिकटू नयेत म्हणून फुफ्फुसात साबणासारखा एक पदार्थ तयार होतो. त्याला सरफॅक्टंट म्हणतात. तो पुरेसा व्हायला साधारण ३५ आठवडे लागतात. बाळ फार आधी आले की दर श्वासाला फुगे मिटतात आणि बाळ थकून जाते.

हे कारण १९५९ साली अमेरिकेत डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी दाखवले. तरी १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे बाळ याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेले. पैसा होता, डॉक्टर होते, उपाय नव्हता.

उपायाची वाट मेंढरांनी दाखवली. स्टेरॉईड मिळालेली अपुऱ्या दिवसांची कोकरे श्वास घेतात, हे न्यूझीलंडच्या डॉ. लिगिन्स यांना दिसले. १९७२ साली त्यांनी व डॉ. हॉवी यांनी गरोदर स्त्रियांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे १९८० साली जपानच्या डॉ. फुजिवारा यांनी गाईच्या फुफ्फुसातून तयार केलेले सरफॅक्टंट बाळांना दिले.

आज डेक्सामेथॅसोनची स्वस्त इंजेक्शने सरकारी दवाखान्यात डॉक्टरी सल्ल्याने देतात: बारा-बारा तासांनी चार. पण ती बाळंतपणाआधी पोटात जायला वेळ हवा. म्हणून:

१) दिवस भरण्याआधी कळा आल्या वा पाणी गेले, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

२) बाळ मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास घेते, कण्हते, छाती आत ओढते, निळे पडते, तर ताबडतोब दवाखाना.

३) आंघोळ, मध, गुटी नको. वाटेत बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घाला.

मुकादमांना आमचे सांगणे एकच. कळा आलेल्या बाईला दवाखान्यात पोचवा आणि त्या दिवसाचा खाडा तिच्या नावावर लावू नका. खाड्याच्या भीतीने झालेला उशीर बाळाला भोवतो.