सत्राच्या मध्यावरची पोटदुखी

जुलैत महाविद्यालये सुरू होतात, तेव्हा विद्यार्थी दवाखान्यात क्वचितच येतात. सप्टेंबरात चाचण्या, सबमिशन आले की आम्लपित्त, डोकेदुखी, निद्रानाश वाढतो. गेल्या वर्षी अशाच एका मुलाला मी नुसती गोळी दिली. तो महिनाभर वर्गातच जात नव्हता, हे दिवाळीत त्याच्या वडिलांकडून कळले. आता मी आधी विचारतो, "तासाला बसतोस ना?"

तास चुकवला की त्या दिवसापुरती भीती टळते; पण अभ्यास साचतो आणि भीती दुप्पट होते. म्हणून पालकांनो, गुणांआधी झोप, जेवण व हजेरीची चौकशी करा, रागावू नका. मुलाला जगणे नकोसे वाटत असेल, तर एकटे सोडू नका. डॉक्टरांकडे न्या, टेली-मानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो.