खाडीचे पाणी आणि वाडीचे ताट



पेणच्या पश्चिमेला वाशी, वढाव, शिर्कीकडे गेले की भातशेतीचे बांध, उघाड्या, तिवरांची झाडे आणि पलीकडे धरमतरची खाडी दिसते. नागोठण्याहून येणारी अंबा नदी या खाडीला मिळते. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याला समुद्रात जाते. आपण ज्या कातकरी वाड्यांसाठी प्रार्थना करतो आणि मदत पाठवतो, त्यांतल्या खाडीलगतच्या वाड्यांत ओहोटीची वेळ लहान मुलांनाही ठाऊक असते. पाणी उतरले की माणसे चिखलात उतरतात. चिंबोऱ्या, निवट्या, कोळंबी, कालवे, जे हाती लागेल ते त्या रात्रीचे कालवण.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे पावसाच्या तोंडावर परततात. मजुरी उचल फेडण्यात गेलेली असते आणि हाताला काम नसते. अशा दिवसांत मुलांच्या पोटात जाणारी प्रथिने आणि कॅल्शियम बरेचसे खाडीतूनच येते. म्हणून ‘खाडीचे मासे खाऊ नका’ हा सल्ला देणाऱ्याला सोपा असला, तरी घेणाऱ्याच्या घरी त्यामुळे कुपोषणच वाढेल. खाडी बिघडली तर माणसाला अपाय कोणत्या वाटेने होतो, हे आधी नीट समजून घेऊ. वाटा मुख्यतः दोन आहेत आणि त्यांवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिली वाट जंतूंची. कॉलऱ्याचा जंतू माणसाच्या पोटातच राहतो असे नाही. खाडीच्या निमखाऱ्या, कोमट पाण्यात तो कायम वस्तीला असतो आणि डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या, झिंग्यांच्या जातीच्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतो. गावाचे सांडपाणी आणि शेतातले खत पाण्यात आले की शेवाळ माजते, शेवाळावर हे जीव वाढतात आणि त्यांच्याबरोबर जंतूही वाढतात. बांगलादेशातील मतलब भागात रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच माहितीचा उपयोग केला. जुनी सुती साडी घडी घालून आठ पदरी करायची आणि तिच्यातून पिण्याचे पाणी गाळायचे, एवढेच गावांतील बायांना शिकवले. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथे कॉलऱ्याचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने कमी झाले. नव्या साडीपेक्षा जुनी चांगली, कारण धुऊन धुऊन धागे सैल होतात आणि छिद्रे बारीक होतात. अर्थात, गाळल्यावरही पाणी उकळावे किंवा त्यात क्लोरीनचे थेंब टाकावेत. खारेपाटात पिण्याच्या पाण्याची टंचाई जुनी आहे. त्याच तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी मात्र नवी मुंबईला जाते!

कालवे आणि तिसऱ्या पाणी गाळूनच जगतात. पाण्यातले जंतू, काविळीचे विषाणूसुद्धा, त्यांच्या अंगात साठतात. त्यामुळे शिंपले नुसते उघडले म्हणजे शिजले असे समजू नये, पुढेही चांगले उकळू द्यावे.

दुसरी वाट रसायनांची, आणि तिथे चूल कामाला येत नाही. उकळून जंतू मरतो, पारा मरत नाही. जपानमधील मिनामाता येथे एक कारखाना 1932 पासून पारायुक्त सांडपाणी समुद्रात सोडत होता. पाण्यातून पारा लहान जीवांत, त्यांच्यातून माशांत आणि माशांतून माणसांत गेला, आणि प्रत्येक पायरीला त्याचे प्रमाण वाढत गेले. मासा दिसायला ताजा, चवीला नेहमीचाच. आधी मांजरे झटके येऊन मेली, मग रोज मासे खाणारी कोळी कुटुंबे आजारी पडली. 1 मे 1956 रोजी या अनोळखी आजाराची अधिकृत नोंद झाली, तरी ते सांडपाणी 1968 पर्यंत चालूच राहिले. ज्या आयांना फारसा त्रास नव्हता, त्यांचीही काही बाळे जन्मतःच अपंग निपजली.

रोह्यात मिनामाता झाले आहे, असे मी म्हणत नाही. पण धाटावच्या एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत, त्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कुंडलिकेच्या खाडीत जाते, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत महाराष्ट्रातल्या 53 प्रदूषित नदीपट्ट्यांत कुंडलिकाही होती. प्रक्रिया रोज, पावसाळ्याच्या रात्रीसुद्धा, नीट होते का, हे विचारणे म्हणजे कारखान्याशी वैर नव्हे. त्या कारखान्यांत आपल्याच मंडळ्यांतले लोक नोकरीला असू शकतात. विचारायला तेच जास्त योग्य.

वाडीला भेट देणाऱ्यांनी दोन गोष्टी सोबत ठेवाव्यात. जुलाब लागलेल्या बाळासाठी ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या. झिंक जुलाब थांबले तरी 10 ते 14 दिवस द्यायचे असते. ओआरएस नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कालवाच्या शिंपीने पाय कापून तो सुजला आणि ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि खाडीत मासे मरून तरंगताना दिसले, तर ते फुकटचे म्हणून कोणी घरी नेऊ नयेत. पाण्यात प्राणवायू संपल्यानेही मासे मरतात आणि विषानेही. नुसते पाहून फरक कळत नाही. जागा, वेळ आणि भरती की ओहोटी हे लिहून घ्यावे, फोटो काढावा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ व तहसील कार्यालयाला लगेच कळवावे. पुढच्या भरतीने पाणी बदलते, मग नमुना घेऊन उपयोग नसतो.